गिरदावर काकांनी फोटोंचं दफ्तर लावलं

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक पहिलं वाक्य खोटं बोलतं. वाक्य ठरलेलं आहे. "मी काहीच केलं नाही, आपोआप झालं." गिऱ्हाईक मराठी असो, तेलुगू असो, नाहीतर नागपूर हायवेवरून खाली उतरलेला हिंदी बोलणारा ट्रान्सपोर्टवाला असो, वाक्य तेच. एकदा एकाने की-बोर्ड आणला. मी तो उलटा करून झटकला, तर आतून शिरा पडला. चांगला काजू घातलेला. मी त्याच्याकडे पाहिलं. "आपोआप," तो म्हणाला.

मी रागावत नाही. खरं काय झालं ते मशीनच सांगतं, थोडा वेळ घेतं एवढंच. माणूस मात्र लाजतो, आणि लाजलेल्या माणसाकडून खरं काढून घेणं हाच या धंद्याचा अर्धा भाग आहे. बाकी अर्धा कॉलेजात शिकवतात.

माझं दुकान सीमेपलीकडे, तेलुगू मुलखातल्या बोथला, मंडल (म्हणजे तहसील) ऑफिसच्या रस्त्यावर. पाटीवर वर तेलुगू, मध्ये इंग्रजी, खाली मराठी. आत भिंतीवर माझी बी.एस्सी.ची पदवी फ्रेम करून लावलेली आहे. पदवीने मशीन दुरुस्त होत नाही हे मला माहीत आहे. पण आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं फाटक आतून पाहिलेलं नव्हतं. आई-बाबा भाजीवाले. वांगी, मेथी, सांबार (म्हणजे कोथिंबीर) स्वतः पिकवायचे आणि स्वतःच बाजारात बसून विकायचे. पदवीच्या दिवशी आईने विचारलं, "हा कागद भिजला तर दुसरा भेटते काय?" मी म्हटलं, "भेटत नाही." त्याच आठवड्यात तिने फ्रेम करून आणली. तेव्हा ती फ्रेम दिखाव्यासाठी आहे असं कोणी म्हटलं तर म्हणो. आहेच.

बाईमाणूस दुकानात बसलेलं पाहून नवी गिऱ्हाइकं अजून विचारतात, "मेकॅनिक कुठी हाय?"

"मीच."

"नाई, मोठे मेकॅनिक?"

"जेवढी मोठी व्हायची तेवढी झाली, काका. मशीन ठेवा टेबलावर."

या धंद्यातली सगळ्यात नाजूक दुरुस्ती कोणती, असं मला कोणी विचारलं तर लोकांना वाटतं मी मदरबोर्ड म्हणेन. नाही. मदरबोर्ड बदलता येतो. फोटो नाजूक. हे मी एका चुकीतून शिकले आणि ती चूक सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही.

दुकान नवीन होतं. सीमेकडच्या एका गावातला ज्वारी-कापूस करणारा तरुण कॉम्प्युटर घेऊन आला. "लय हळू चालून राह्यला." मी शिकल्याप्रमाणे विचारलं, "आत काही महत्त्वाचं आहे का?" तो म्हणाला, "नाई, कायचं महत्त्वाचं." मी सगळं पुसून नवीन करून दिलं. मशीन असं पळायला लागलं की मलाच कौतुक वाटलं. तिसऱ्या दिवशी तो परत आला आणि दारातच उभा राहिला. "मॅडम, बहिणीच्या लग्नाचे फोटो दिसून नाई राह्यले." ते मी पुसले होते. त्याच्या लेखी महत्त्वाचं म्हणजे सातबारासारखे सरकारी कागद, सही-शिक्क्याचे. फोटो म्हणजे घरातली गोष्ट. त्याला महत्त्वाचं कोण म्हणतं? मी दोन दिवस धडपडले, सत्तावीस फोटो हाती लागले, तेही अर्धे. त्याने मला एक वाईट शब्द ऐकवला नाही. ते जास्त लागलं.

तेव्हापासून मी "महत्त्वाचं काही आहे का" हा प्रश्न विचारत नाही. मी विचारते, "आत फोटो कोणाकोणाचे आहेत?" मग माणूस आपोआप थांबतो आणि बोटं मोजायला लागतो. आणि दुसरा नियम: कोणाच्याही मूळ डिस्कला हात लावायचा नाही. आधी जशीच्या तशी नक्कल काढायची आणि सगळे प्रयोग नकलेवर करायचे.

या दोन नियमांनी मला आजवर अनेकदा वाचवलं, पण गेल्या वर्षी वसंत पंचमीच्या सुमाराला त्यांचीही कसोटी लागली.

बुधवारी सकाळी दिगंबरकाका आले. गावात त्यांना गिरदावर काका म्हणतात. गिरदावर म्हणजे महसुलाचा गावोगाव फिरून पीकपाहणी तपासणारा कारकून-अधिकारी. हा निजामाच्या वेळचा शब्द आमच्याकडे अजून चालतो. रिटायर होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण शर्टाच्या खिशाला दोन पेनं असतातच, एक निळं, एक लाल. त्यांनी कॉम्प्युटरचा डबा ऑटोतून उतरवला, पुसला, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "सुनंदा, मी काहीच केलं नाई."

मला हसू आलं. "आपोआप झालं?"

"आपोआपच म्हण ना माय. फोटो उघडून नाई राह्यले."

आणि मग खाली वाकून, दुकानात तिसरं कोणी नसताना, हळूच म्हणाले, "तुह्या काकूले सांगू नको."

काकू म्हणजे त्यांची बायको, कौसल्याकाकू. त्या मशीनमध्ये त्यांचं काय आहे ते मला ठाऊक होतं.

काकू चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांचा मुलगा नोकरीला हैदराबादला गेला तेव्हा कॉम्प्युटर घरी ठेवून गेला आणि जाताना आईला फोटोंची लायब्ररी उघडायला शिकवून गेला. काकूंना त्याची गोडी लागली. की-बोर्डवर मराठी अक्षरांचे स्टिकर मीच लावून दिले. मग काकूंनी माहेरच्या, सासरच्या, शेजारणींच्या पेट्यांमधून जुने फोटो मागून आणले. नऊशेच्या आसपास. ते माझ्याच दुकानात स्कॅन झाले. आणि प्रत्येक फोटोखाली काकूंनी एक ओळ लिहिली. रोज दुपारी भांडी झाल्यावर, चष्मा लावून, एका बोटाने. कोण आहे, काय झालं होतं. पाच-सहा वर्षं हे चाललं होतं. पत्र नाही, डायरी नाही. बाईने आयुष्यात जे काही लिहिलं ते एवढंच आणि इथेच.

"काकू कुठे आहेत?" मी विचारलं.

"नांदेडले, पोरीकडं. नातवाचं अक्षराभ्यास हाय ना बासरले. सोमवारी येते."

बासरच्या देवळात लेकरांकडून पहिलं अक्षर गिरवून घेतात, त्याला अक्षराभ्यास म्हणतात. म्हणजे माझ्या हातात पाच दिवस होते. मी नक्कल काढायला लावली आणि काकांना स्टुलावर बसवलं. "आता खरं सांगा. मशीन सांगेलच, पण तुम्ही सांगितलं तर माझा एक दिवस वाचेल."

काकांनी लाल पेन काढलं, परत ठेवलं. मग सांगितलं.

काकू गेल्या आणि घरात यांना करमेना. म्हणून कॉम्प्युटर उघडला. लायब्ररीच्या खिडकीतून फोटो पाहिले असते तर प्रश्न नव्हता. पण काकांनी सवयीने मागचं कपाट उघडलं, म्हणजे ते फोल्डर, जिथे फोटो खरोखर ठेवलेले असतात. आत पाहतात तर 'स्कॅन ०००१', 'स्कॅन ०००२' अशी नावं. ना गावाचं नाव, ना वर्ष, ना कसला क्रम.

"मले पाहवलं नाई, सुनंदा. चाळीस वर्षं तहसिलीत काढली. असं दफ्तर कोणी ठेवते काय?"

दफ्तर लावणं म्हणजे त्यांच्या खात्यात गावावार, वर्षावार कागद लावून लाल फडक्यात बस्ते बांधायचे. काकांनी तेच केलं. प्रत्येक गावाचं एक फोल्डर, त्यात बस्ते, बस्त्यात मिसली, म्हणजे एकेका प्रकरणाचे कागद. 'स्कॅन ०४१२'चं झालं 'बोथ, बस्ता ३, मिसल १४'. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, मध्ये जेवणाची सुट्टी. नऊ दिवसांत बाराशे फोटो, नऊशे स्कॅन आणि तीनशे कॅमेरा-फोनचे.

"काकूले सरप्राइज द्यायचं व्हतं," ते म्हणाले.

"दिलंत."

इथे बाहेरच्या वाचकासाठी थोडं समजावून सांगते. फोटोंची लायब्ररी म्हणजे शाळा समजा. फोटो म्हणजे पोरं, वर्गात बसलेली. आणि एक हजेरीपट असतो, त्यात प्रत्येक पोराचं नाव, वर्ग, बाक आणि त्याच्याबद्दलचा मजकूर. काकूंच्या ओळी या हजेरीपटात होत्या, फोटोत नव्हे. आता कोणीतरी सगळ्या पोरांची नावं बदलली आणि वर्गही बदलले. मास्तर हजेरी घेतात, एकही पोर 'हजर' म्हणत नाही. पोरं कुठेही गेलेली नाहीत. पण पटावरचा मजकूर कोणाचा, ते आता कोणालाच कळत नाही.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी बरं होतं. नवव्या दिवशी काकांनी कौतुकाने लायब्ररी उघडली, तर बाराशे फोटोंच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. मशीनने विचारलं, लायब्ररी दुरुस्त करू का? काका घाबरून 'हो' म्हणाले. मशीन हजेरीपट नव्याने लिहायला बसलं आणि अर्ध्यावर करंट गेला. आता पोरंही हरवलेली आणि हजेरीपटही अर्धा फाटलेला.

"बॅकअप?" मी विचारलं, कारण बॅकअपसाठी वेगळी डिस्क मीच काकूंना दिली होती.

दुसऱ्या दिवशी काकांनी ती डिस्क आणली. प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीवर कुंकू. दसऱ्याला काकूंनी घरातल्या सगळ्या यंत्रांसोबत तिचीही पूजा केलेली. आत मात्र काहीच नव्हतं. वापरली तर खराब होईल म्हणून एकदाही जोडलेली नव्हती. यात काकूंचा दोष नाही. मी डिस्क दिली, शेजारी बसून जोडून दाखवली नाही. आपल्या धंद्यातली माणसं वस्तू देतात आणि सवय द्यायचं विसरतात.

गुरुवारी मी हजेरीपटाच्या मागे लागले. फाटलेली यादी सरळ उघडत नाही. पाण्यात पडलेल्या वहीसारखं करावं लागतं. एकेक पान सोडवायचं, वाचता येईल ते नव्या वहीत उतरवायचं, जे लगदा झालं ते सोडायचं. दुपारी तीनला पहिली ओळ पडद्यावर आली. स्कॅनचा नंबर, आणि पुढे काकूंचे शब्द: "चपला उलट्या. कोणी पाहिलं नाही. मी पाहिलं." कोणाच्या चपला ते कळलं नाही, पण मी खुर्चीत बसल्या बसल्या टाळी वाजवली. समोर बसलेलं गिऱ्हाईक दचकलं. तो बिचारा "सिस्टम ऑन अवट्लेदु," म्हणजे मशीन चालूच होत नाही, हे सांगायला आला होता. मी म्हटलं, "बसा अण्णा, तुमचंही होईल. आज सगळ्यांचं होईल."

शुक्रवारपर्यंत काकूंच्या जवळजवळ सगळ्या ओळी परत आल्या. आता कोणती ओळ कोणत्या फोटोची, एवढाच प्रश्न होता. कॅमेऱ्याने किंवा फोनने काढलेले तीनशे फोटो सोपे होते. त्या फोटोंच्या पोटातच काढल्याची तारीख, तास, मिनिट लिहिलेलं असतं. यादीतही ती वेळ असते. वेळ जुळली की पोर सापडलं. तासाभरात तीनशे हजर झाले.

पण स्कॅनच्या पोटात तसलं काही नसतं. एका दिवशी शंभर फोटो मशीनवर ठेवले की शंभरही एकाच दिवशी जन्मलेले. वर काकांनी नऊशेच्या नऊशे नावं बदललेली. माझ्याकडे जवळजवळ नऊशे ओळी होत्या आणि नऊशे फोटो होते, आणि दोघांची एकमेकांशी ओळख नव्हती.

"काका, जुनं नाव काही आठवतं? थोडी तरी?"

काका म्हणाले, "नाई." पण माझ्याकडे न बघता म्हणाले.

आणि नेमका त्याच वेळी काकूंचा फोन आला. मला.

"सुनंदा, अवं, आमच्या पिंट्याचं अक्षराभ्यास झालं पाय. पाटीवर असं गोल काढलं, पुजारी म्हणे हुशार हाय. फोटो पाठवून राह्यली. घरी आली की लायब्ररीत टाकून त्याच्याखाली लिवते."

"हो काकू. या तुम्ही."

"तुहा आवाज असा काऊन?"

"सर्दी झाली."

समोर काका डोळे मिटून बसले होते. गिऱ्हाईक खोटं बोलतं असं मी सुरुवातीला लिहिलं. त्या दिवशी दुकानदारही बोलली. फोन ठेवून मी त्यांना म्हटलं, "काका, सोमवारी मी खोटं बोलणार नाही. ओळी परत आल्यात, पण फोटोंशिवाय त्या ओळी म्हणजे नुसत्या चिठ्ठ्या. काकूंना एकेक फोटो पुन्हा समोर घेऊन बसावं लागेल. पुन्हा पाच-सहा वर्षं." काका उठून गेले. चहासुद्धा तसाच राहिला.

शनिवारी दुकान उघडायच्या आधी ते पायरीवर बसलेले. मांडीवर कापडी पिशवी. आत लाल फडक्यात बांधलेली लांबट वही.

"हे काय?"

"रजिस्टर."

मी फडकं सोडलं. पानापानावर पट्टीने आखलेले रकाने. अनुक्रम नंबर. जुनं नाव. नवं नाव. मौजा. तारीख. शेरा. बाराशेच्या बाराशे नोंदी, निळ्या शाईत, एकही खाडाखोड नाही. शेऱ्याच्या रकान्यात कुठे 'ओळख पटत नाही', कुठे 'बहुधा मेव्हणा', एका ठिकाणी 'गाय. मालक अज्ञात'.

मी पानं भराभर उलटली. "काका! हे होतं तर परवाच का नाही दिलं?"

"पोरी, हाताने लिवलेला कागद दिला का चौकशी लागते. नोकरीत हेच शिकलो. कागद ठेवायचा, पण मागतल्याशिवाय द्यायचा नाई."

"मी मागितलं होतं की काल!"

"तू आठवते काय म्हणून इचारलं. रजिस्टर हाय काय म्हणून इचारलं नाई."

मी मनातल्या मनात एक नवा नियम केला. ज्या सवयीने माणूस बिघाड करतो, ती सवय आधी नीट विचारून घ्यावी. जो माणूस गावावार बस्ते बांधतो, तो नोंद केल्याशिवाय कागद हलवेल तरी कसा? हे मला बुधवारीच सुचायला हवं होतं. पदवी भिंतीवर होती, अक्कल कुठे होती कोण जाणे.

शनिवार, रविवार आम्ही दोघं बसलो. काका रजिस्टर वाचायचे, मी टाइप करायचे. वाचताना त्यांचा आवाज एकदम नोकरीतला व्हायचा. "जुनं नाव स्कॅन दोनशे सात. नवं नाव मौजे घनपूर, बस्ता एक, मिसल नऊ." मग मशीन यादी आणि फोटो जोडायचं, आणि दर पंधरा-वीस फोटोंनंतर एखादा उघडून आम्ही तपासायचो की ओळ बरोबर माणसाखाली बसली का.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की काकांनी या ओळी कधी वाचलेल्याच नव्हत्या. त्या दिसायला एक बटण दाबावं लागतं आणि ते त्यांना माहीतच नव्हतं.

पहिला उघडला तो जीपजवळ उभ्या असलेल्या तरुण गिरदावरांचा फोटो. खाली: "हे पाहणीला चालले. बूट माझ्या भावाचे."

"वापस केलते मी!" काका म्हणाले.

खुर्चीत मान टाकून झोपलेले काका: "हे म्हणतात, मी जागा आहे."

लग्नाचा फोटो: "मी रडत नाही. ऊन डोळ्यात आहे."

शेजारणींचा घोळका: "डावीकडून तिसरी सरूबाई. हिने मला सायकल शिकवली. यांना सांगितलं नाही."

"हिले सायकल येते?" काका खुर्चीतून अर्धे उठले. "चाळीस वर्षं झाली लग्नाले!"

आम्ही इतके हसलो की शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून गेला. पण रविवारी दुपारी एक फोटो उघडला. एका खोलीच्या दारात उभ्या काकू, कडेवर पोरगी. काका नेहमीच्या आवाजात वाचायला लागले. "यांची उटनूरला बदली. सहा महिने मी एकटी. कोणी विचारलं नाही." शेवटच्या दोन शब्दांना आवाज नोकरीतला राहिला नाही.

रजिस्टरवर बोट ठेवून ते म्हणाले, "मीच मागून घेतलती ती बदली. तिकडं प्रमोशन लवकर भेटत व्हतं. तिले सांगतलं, सरकारने केली म्हणून."

मी पुढचा नंबर विचारला. कधीकधी दुरुस्ती करणाऱ्याने पुढचा नंबर विचारणंच बरं.

सोमवारी अकराला फक्त साठ नोंदी राहिल्या होत्या. काका मोठ्याने वाचत होते, मी मान खाली घालून टाइप करत होते. दारात सावली पडली. हातात पिशवी, खांद्यावर शाल, कपाळावर बासरचं कुंकू. घराला कुलूप पाहून आणि शेजारणीला विचारून काकू बसस्टँडवरून सरळ इथे आल्या होत्या.

त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग लाल फडक्याकडे, मग पडद्याकडे.

"हा आपला कॉम्प्युटर हाय ना?"

मी तोंड उघडलं. पण काका उभे राहिले. स्टुलावरून, साहेब आल्यावर उभं राहतात तसे.

"मी तुह्या फोटोचं दफ्तर लावलं. त्याच्यात सगळं बिघडलं. सुनंदाने काही केलं नाई. मीच केलं, हाताने केलं."

सतरा वर्षांत असं वाक्य माझ्या दुकानात पहिल्यांदा उमटलं.

"माह्या फोटोले हात काऊन लावला?" काकूंचा आवाज चढला. "तुमच्या कपाटाले मी कधी हात लावला काय? तुमचे ते पिवळे कागद उंदरं खाऊन राह्यले, तरी लावला काय?"

"नाई."

"माहं लिवलेलं कुठी हाय?"

आता माझी पाळी होती. मी खुर्ची पुढे ओढली, त्यांना बसवलं आणि सगळं दाखवलं. एकेक फोटो, खाली एकेक ओळ. काकू चष्मा लावून पुढे पुढे जात राहिल्या. चपला उलट्या, ऊन डोळ्यात, गाय. वीसेक फोटोंनंतर त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. तेव्हा मी खरं सांगितलं. "काकू, सगळं आलं नाही. यादीची काही पानं गेलीच होती. तेवीस फोटो आहेत, पण त्यांच्या ओळी गेल्या. त्या आता कोणालाच आणता येणार नाहीत. तुम्हाला आठवतात का, काय लिहिलं होतं?"

"आठवाले लिवलं व्हतं काय मी? लिवलं म्हणून तर इसरली," काकू म्हणाल्या.

त्यांनी ते तेवीस फोटो एकदा पाहिले. मग की-बोर्ड उचलून नवऱ्यापुढे सरकवला.

"तुमी लिवा."

"मी?"

"तुमीच. तेवीसच्या तेवीस. मी वाचते."

बाकीच्या साठ नोंदी मी नंतर एकटीने संपवल्या. त्या वेळी कोणाला त्यांची घाई राहिली नव्हती. पहिला फोटो कुठल्याशा जत्रेतला. पुठ्ठ्याच्या विमानात बसलेले दोघं. काकांच्या डोळ्यावर उधारीचा गॉगल, काकूंनी पदर दाताखाली धरलेला. काकांनी स्टिकर शोधत शोधत एका बोटाने टाइप केलं: "सदर छायाचित्रात अर्जदार व त्यांची पत्नी विमानात बसलेले दिसत असून विमान चालू स्थितीत नाही."

मला हसू आवरेना. काकूंना हसायचं नव्हतं, पण ओठ हलले.

"अर्जदार कोण?"

"मी."

"अर्ज कायचा हाय?"

काकांचं बोट की-बोर्डवर तसंच राहिलं. मग पुन्हा अक्षरं शोधायला लागलं. या वेळी फार हळू. लिहून झालं तेव्हा ते बाजूला सरकले आणि काकूंनी ओठ हलवत वाचलं: "फोटो प्रकरणी, तसेच उटनूर बदली अर्जदाराने स्वतः मागून घेतली त्या प्रकरणी, माफी मिळणेस विनंती."

काकूंनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना चष्मा काढून पुसला. मी उगाच माउसची वायर सरळ करत बसले.

मग त्यांनी की-बोर्ड आपल्याकडे ओढला. त्यांना स्टिकर शोधावे लागत नाहीत. बोट सरळ अक्षरावर जातं. खाली त्यांनी लिहिलं: "अर्ज मिळाला. पेंडिंग." आणि सेव्हचं बटण स्वतः दाबलं.

"पेंडिंग?" काका म्हणाले. "किती दिवस?"

काकूंनी शाल नीट केली, पिशवी त्यांच्या हातात दिली आणि दाराकडे वळल्या.

"तुमच्या हापिसात किती दिवस लागत व्हते?"